नाव कुठं हाय?

सकाळचे सव्वासात वाजलेत. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरिया फेज 1 मध्ये अजून एकही शटर वर गेलेलं नाही, पण एक माणूस कामाला लागलाय. जमिनीपासून पंधरा फुटांवर, परांचीच्या फळीवर तो उकिडवा बसलाय आणि एका म्हाताऱ्या बाईच्या अंगठ्याच्या नखावर उजेड चढवतोय. नख त्याच्या तळहाताहून मोठं आहे. डाव्या हातात प्लास्टिकची वाटी, उजव्या हातात एक इंची ब्रश. दोन-तीन फटकारे मारतो, मान मागे घेऊन बघतो, पुन्हा वाकतो.

मी स्कूटर पिंपळाखाली लावते. मार्च सरत आलाय. पिंपळाची जुनी पानं रस्ताभर पडलीत आणि फांद्यांवर तांबूस पालवी फुटलीय. आज चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. एरवी ऑफिसला जाता-येता दहा-पंधरा मिनिटं थांबायला मिळतं, आज अख्खा दिवस हातात आहे. आणि आज काम संपणार, असं त्यानं काल सांगितलंय.

बदली होऊन इथे आले त्याला आता सहावं वर्ष लागलंय. आमची शाखा इथून चार गल्ल्या पलीकडे. अकरा दिवसांपूर्वी याच रस्त्यानं जाताना नट-बोल्टच्या एका कारखान्याची बाजूची भिंत पांढरीशुभ्र दिसली. चाळीस फूट लांब, बावीस फूट उंच. प्रायमर मारलेला, आणि त्यावर लाल-निळ्या खडूनं वेड्यावाकड्या खुणा: कुठे फुली, कुठे वेलांटी, कुठे नुसताच गुंता. मला वाटलं, पोरांनी गिरगटलंय. मग तो खालून भिंतीचा फोटो घेताना दिसला, आणि मी स्कूटर थांबवली.

त्यानं मोबाइल दाखवला. भिंतीचा फोटो, आणि त्यावर पातळ कागद ठेवावा तसं त्याचं मूळ चित्र. अमुक फुलीच्या डावीकडे कान सुरू होतो, तमुक वेलांटीवरून ओढणीची कड जाते, असं खुणेवरून खूण धरत बावीस फुटांच्या भिंतीवर चित्र उभं करायचं. मी म्हटलं, आमच्याकडे चौकोन पाडायचे. तो हसला. म्हणाला, कॉलेजात आम्हीही तसंच शिकलो, पण चौकोन सगळे सारखे दिसतात, उंचावर चढल्यावर माणूस चुकतो. वेडीवाकडी खूण प्रत्येक वेगळी असते, ती चुकू देत नाही.

आमच्याकडे म्हणजे कोल्हापुरात. माझे मामा तिथे बोर्ड रंगवायचे. लक्ष्मीपुरीतल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या, टॉकीजवरचे मोठे पडदे, गणपतीतले देखावे. भिंत मोठी असली की नीळ लावलेली दोरी ताणायची, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मध्ये चिमटीत धरून दोरी सोडली की फट्कन आवाज व्हायचा आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उठायची. नऊ-दहा वर्षांची असताना ती रेघ मला जादू वाटायची. ज्या गावानं बाबूराव मेस्त्रींना बाबूराव पेंटर केलं, कामालाच आडनाव होऊ दिलं, त्या गावची मी. तो फट्कन आवाज कानात असल्यामुळेच बहुधा कुठल्याही भिंतीपाशी ब्रश घेतलेला माणूस दिसला की माझे पाय थांबतात.

आठ वाजतात. शटर वर जायला लागतात. पहिला लेथ सुरू होतो, मग दुसरा. तापलेल्या तेलाचा वास रस्त्यावर येतो.

आता चित्र नीट दिसतंय, कारण भिंतीचं तोंड पूर्वेला आहे आणि ऊन सरळ पडलंय. एक सत्तरीची बाई जमिनीवर मांडी घालून बसलीय. डोक्यावरून घेतलेली फुलकारी, तांबड्या-पिवळ्या टाक्यांची. मान खाली. मांडीवर मोठी थाळी, आणि ती थाळीतलं काहीतरी निवडतेय. लांबून वाटतं, डाळ. डाळीतले खडे वेचताना आपल्या आयांची बोटं जशी चालतात तशीच बोटं, अंगठ्यानं पुढे सरकवायचं, तर्जनीनं बाजूला काढायचं. जवळ आल्यावर कळतं की थाळीत बोल्ट आहेत. शेकडो. चांगले एकीकडे, आटे गेलेले दुसरीकडे.

या बाई म्हणजे मालकांच्या आई. बीजी. मालक स्वतः साठी ओलांडलेले सरदारजी. फिकट आकाशी पगडी, खिशाला दोन पेनं. त्यांनी ही गोष्ट मला तिसऱ्या दिवशी सांगितली, आणि त्यानंतर रोज थोडी थोडी. वडील 1947 मध्ये लायलपूरहून आले, आधी अंबाल्याच्या छावणीत राहिले, मग इकडे. चंदीगड उभं राहत होतं, आणि उभ्या राहणाऱ्या शहराला नट-बोल्ट लागतात. एक खराद, म्हणजे लेथ, आणि दोन माणसं. माल तपासायला माणूस ठेवणं परवडायचं नाही, म्हणून दिवसभराचा माल संध्याकाळी पोत्यातून घरी यायचा आणि जेवणं झाल्यावर बीजी तो निवडायच्या. डोळ्यांनी कमी, अंगठ्यानं जास्त. बोल्टच्या आट्यांना इकडे चूडी म्हणतात, बांगडीचाच शब्द. बीजी अंगठा फिरवून सांगायच्या, याची चूडी मेली. एकदाही चुकल्या नाहीत, असं सरदारजी म्हणतात, आणि मुलानं आईबद्दल म्हटलेलं हे वाक्य मी तपासायला जाणार नाही.

तीन वर्षांपूर्वी बीजी गेल्या. मुलांनी सांगितलं, कारखान्यात फोटो लावू, हार घालू. सरदारजींनी वेगळंच ठरवलं. त्यांना भिंत हवी होती.

साडेआठला ते येतात. गाडीतून उतरतात, चप्पल काढत नाहीत पण भिंतीसमोर क्षणभर थांबून हात जोडतात. मग मला बघून, "आ गई बेटा? चहा घेतलास?" मी नाही म्हणायच्या आत कोपऱ्यावरच्या टपरीकडे तीन बोटं दाखवतात.

चित्रकार खाली उतरतो. तिशीतला आहे, पंजाबातल्या मालव्यातल्या एका खेड्यातला, सेक्टर 10 मधल्या आर्ट कॉलेजातून शिकलेला. त्याच्या हाताखाली त्याच कॉलेजातली एक मुलगी काम करते, दुसऱ्या वर्षाला आहे. फुलकारीचा सगळा भाग तिनं केलाय. तिची आजी फुलकारी काढायची, म्हणून टाके कसे पडतात ते तिला माहीत आहे. खऱ्या फुलकारीत बाई कापडाच्या उलट्या बाजूनं धागे मोजत टाके घालते, फूल सुलट्या बाजूला उमटतं. परांचीवर मलाही तसंच वाटलं, ती म्हणते. नाकासमोर नुसते तांबडे पट्टे, फूल झालंय का ते खाली उतरल्याशिवाय दिसत नाही. अकरा दिवसांत ती किती वेळा चढली-उतरली असेल, कुणी मोजलं नाही. तांबडा रंग तिनं मुद्दाम ऑक्साइडचा वापरलाय, आपला गेरूच तो. झगझगीत लाल, गुलाबी उन्हात लवकर उडतात, गेरू टिकतो. अजिंठ्याच्या भिंतींवर तोच टिकलाय, असं मी सांगते तेव्हा ती मान डोलावते. हे तिला वर्गात शिकवलेलं आहे.

भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा त्यांनी कोरा सोडलाय, नुसता गडद करडा. जुनी विटांची भिंत आहे, जमिनीतली ओल वर चढते, लोणा धरतो, पावसाळ्यात चिखल उडतो. तेवढा पट्टा दर दोन वर्षांनी कुणीही रंगारी येऊन मारू शकेल, चित्राला हात न लावता. भिंतीवर काम करणाऱ्या माणसाचं शहाणपण अशा ठिकाणी दिसतं.

चहा येतो. आणणारी अम्मा साठीची, गोंड्याकडची, या कोपऱ्यावर वीस वर्षं टपरी चालवते. तीन ग्लास ठेवते, आणि भिंतीकडे न बघता परत जाते. आज सकाळपासून तिनं तिकडे बघितलेलं नाही. का, ते मला माहीत आहे. सांगते.

बीजींचा फोटो एकच चांगला मिळाला, कुणाच्या तरी लग्नातला. चेहरा स्वच्छ, पण दोन्ही हात ओढणीखाली. आणि चित्र तर हातांचंच होतं. चित्रकारानं दोन दिवस इंटरनेटवरचे हात बघितले, सगळे गुळगुळीत निघाले. तिसऱ्या दिवशी अम्मानं त्याच्या हातात ग्लास दिला आणि त्याला हात मिळाले. कढत पातेली उचलून जाड झालेल्या बोटांच्या टोकांचे, करंगळी जराशी वाकलेली. त्यानं तिला थाळी दिली, मूठभर बोल्ट दिले, म्हणाला, अम्मा, डाळ निवडतेस तशी निवड. वीस-पंचवीस फोटो काढले. चार दिवसांपूर्वी भिंतीवर हात उतरले, तेव्हा अम्मानं किटली खाली ठेवली, रस्ता ओलांडून आली, वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "चेहरा उनका, हाथ हमार." त्यानंतर तिला लाजल्यासारखं झालंय. येणारे-जाणारे चित्र बघायला लागले की ती पाठ फिरवून भांडी घासायला लागते.

साडेनऊ. रस्ता भरतो. माणसं भिंतीसमोर कशी थांबतात हे बघण्यातच माझा खरा वेळ जातो. सायकलवरचा कामगार पाय टेकवून उभा राहतो, डबा हँडलला लटकलेला, चेहऱ्याकडे नाही, थाळीकडे बघतो, आणि आपल्याशीच म्हणतो, "एम टेन." बोल्टचं माप त्यानं ओळखलं. टेम्पोवाला इंजिन बंद न करता खिडकीतून फोटो काढतो. दोन शाळकरी मुली थांबतात; एक म्हणते, ही माझी नानी, दुसरी म्हणते, नाही, माझी. झाडणारी बाई पिंपळाची पानं भिंतीपासून दूर लोटते, आज जरा जास्तच दूर. गॅलरीत जायला ज्यांना सुट्टी नसते, ज्यांना तिथे आत जायचा संकोच वाटतो, त्या सगळ्यांना हे चित्र कामाच्या वाटेवर मिळालंय. मला या भिंतीचं मोल एवढ्यासाठीच फार वाटतं. पैसे एका माणसानं मोजले आणि चित्र सगळ्या रस्त्याला मिळालं.

चंदीगडात ही गोष्ट आणखी मोलाची आहे. आले तेव्हा पहिले काही महिने मला इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. रस्ते रुंद, झाडं भरपूर, सगळं नीटनेटकं. तरी काहीतरी कमी. मग कळलं, पाट्या. कोल्हापुरात डोळा जिथे पडेल तिथे अक्षर असतं, रंग असतो, कुणाच्या तरी वाढदिवसाचा चेहरा असतो. इथे जाहिरातींवर 1954 पासून नियंत्रण आहे. त्या वर्षी निघालेली ॲडव्हर्टाइझमेंट कंट्रोल ऑर्डर अजूनही सगळ्यांच्या तोंडी असते. या शहराची रचना करणाऱ्या ल कॉर्बुझिएनं शहरासाठी जे आदेशपत्र लिहून ठेवलं त्यात म्हटलंय की काँक्रीट, वीट आणि दगड यांनी आपलं खरं रूप लपवू नये. व्यक्तींचे पुतळेही उभारायचे नाहीत. सेक्टर 17 च्या चौकात उभं राहिलं की हे पटतं. फळ्यांचे ठसे अंगावर वागवणारं ते उघडं काँक्रीट संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतं. त्या फळ्या कुणी ठोकल्या, त्या सुतारांची नावं मात्र कुठेच नाहीत.

आणि कॉर्बुझिए काही रंगाचा वैरी नव्हता. उच्च न्यायालयाच्या दारातले ते प्रचंड खांब हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगाचे आहेत. विधानसभेचं मोठं एनॅमलचं दार त्यानं स्वतः रंगवलं, सूर्य, झाडं, कासव, नदी, सगळं त्यात आहे. तो आयुष्यभर चित्रं काढणारा माणूस. पण भिंत आणि चित्र यांच्याबद्दल त्याची एक गोष्ट मला माफ करता येत नाही. फ्रान्सच्या समुद्रकाठी आयलीन ग्रे या वास्तुरचनाकार बाईंनी एक घर बांधलं होतं. 1938 च्या सुमारास कॉर्बुझिएनं त्या घराच्या कोऱ्या भिंतींवर तिला न विचारता चित्रं काढली. तिला ती आपल्या घराची नासधूस वाटली, आणि मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं. भिंत ज्याची त्याला विचारावं. इथे मालकानं बोलावलं, चित्रकारानं कच्चं चित्र दाखवलं, तीन वेळा बदललं, निम्मे पैसे आधी मिळाले, मग पहिला खडू भिंतीला लागला. सांगून, ठरवून, मोल देऊन काढलेल्या चित्राला कुणी कमी लेखू नये. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली चित्रंही कुणीतरी सांगूनच काढून घेतली होती.

दुपारी सरदारजी जेवायला आत बोलावतात. राजमा, भात, कांदा. मी महाराष्ट्रातली हे कळल्यावर पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "हुज़ूर साहिब!" नांदेडला ते चार वेळा जाऊन आलेत, सचखंड एक्सप्रेसनं. दुसरा शब्द त्यांनी काढला तो "भगत नामदेव जी". नामदेवांची पदं गुरु ग्रंथसाहेबात आहेत हे आपण शाळेत वाचतो. पण दोन हजार किलोमीटरांवर लेथच्या आवाजात कुणी नामदेवांचं नाव आपल्या घरातल्या माणसासारखं घेतं, तेव्हा घर सोडून आल्याची बोच थोडी कमी होते.

मी त्यांना विचारते, भिंतीवर कारखान्याचं नाव कसं नाही? ते चमचा खाली ठेवतात. "पहिल्यांदा मलाही लिहायचं होतं. चार फुटांच्या अक्षरांत." मग चित्रकारानं त्यांना समजावलं. नाव घातलं की ती जाहिरात, आणि जाहिरात म्हटली की परवानगीचा प्रश्न. पण खरं कारण ते नव्हे. नाव घातलं की लोक नाव वाचतील आणि निघून जातील. नसलं तर बीजींकडे बघतील. "मी रात्रभर विचार केला," ते म्हणतात. "बीजींनी कुठे आपलं नाव टाकलं होतं बोल्टवर?"

मला हे मनापासून पटतं. आणि तरी काहीतरी अडतं. काय, ते लगेच हाताला लागत नाही.

चार वाजतात. ऊन केव्हाच कारखान्याच्या मागे गेलंय आणि भिंत सावलीत आहे. आता शेवटचं काम. मुलगी खालून सांगते, तो वरून हात लावतो: "डाव्या डोळ्याखाली जरा." "बस." "करंगळीच्या सावलीत निळा जास्त झालाय." तो स्टेनरच्या बाटलीतून दोन थेंब वाटीत टाकतो, ढवळतो, सावली मऊ करतो. बोलता बोलता मुंबईचा विषय निघतो. विचारतो, वांद्र्याची भिंत बघितलीत? बघितलीय. वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवरचे दादासाहेब फाळके, 2014 साली काढलेले. रणजित दहियांनी काढलेले, तो अभिमानानं म्हणतो, आमच्याच कॉलेजचे. सोनीपतकडच्या खेड्यातला माणूस, घरांना चुना-रंग द्यायची कामं करत करत या शहरातल्या आर्ट कॉलेजपर्यंत आला, पुढे अहमदाबादला एनआयडीत गेला, मुंबईत 2012 साली बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांना मुंबईच्या भिंतीवर एका हरियाणवी माणसानं उभं केलं, चंदीगडात शिकलेल्या हातांनी. मला आधी हे माहीत नव्हतं. सी लिंककडे जाताना कितीदा त्या चित्रासमोरून गेले असेन. काढणारा कोण, असं एकदाही विचारलं नव्हतं. आणि मगाशी अडलेलं मला सापडतं.

मी मामांना व्हिडिओ कॉल लावते.

मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. फ्लेक्स आले आणि दोन वर्षांत त्यांचं काम थांबलं. त्यानंतर त्यांनी ब्रश धरला तो फक्त मंडळाच्या गणपतीपुरता. फोनवर आधी नुसतं कपाळ दिसतं. "मामा, फोन जरा लांब धरा. बघा काय दाखवते." मी रस्त्याच्या पलीकडे जाते आणि फोन भिंतीकडे वळवते.

बराच वेळ आवाज नाही. मला वाटतं, लाइन गेली.

"जवळ ने," मामा म्हणतात. "हातापाशी."

मी नेते.

"लई भारी. हातावरचा उजेड बघ की. वरनं येतोय, आन् बोल्टांवरनं परत बोटांवर फेकलाय त्यानं." पुन्हा शांतता. "इमल्शन हाय न्हवं? आमच्या वक्ताला ऑइल पेंट असायचा, चमकायचा. ह्यो चमकत न्हाई, ते बेस हाय." मी चित्रकाराला हिंदीत सांगत जाते. तो परांचीवरून खाली उतरलाय, हात पँटला पुसत फोनसमोर येतो, आणि "नमस्ते मामाजी" म्हणतो.

मामा त्याला नीट बघतात. मग विचारतात, "नाव कुठं हाय?"

"कुणाचं, मामा? कारखान्याचं नाही टाकलेलं."

"कारखान्याचं न्हवं गं पोरी. ह्येचं. काढणाऱ्याचं."

मी विचारते. चित्रकार खांदे उडवतो. ठरलं नव्हतं, म्हणतो. मालकानंच आपलं नाव सोडलं, मग आपण आपलं कसं टाकायचं? मी मामांना सांगते. कोल्हापुरातून, दुपारच्या झोपेतून उठलेल्या माणसाच्या घोगऱ्या आवाजात, उत्तर येतं: "त्येला सांग, मी चाळीस वर्सं बोर्ड रंगीवले. दुकानदाराचं नाव फूटभर, माझं कोपऱ्यात बोटभर. पर टाकलं. एकबी बोर्ड बिननावाचा सोडला न्हाई. आज त्यातला एक बोर्ड शिल्लक न्हाई, पर लोक मला पेंटर म्हनूनच हाक मारत्यात. का? नाव वाचलंय त्यांनी."

मी हे जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न करते. "बोटभर" सांगताना बोट दाखवते. मधेच सरदारजी येऊन मागे उभे राहिलेत, त्यांनी सगळं ऐकलंय. ते चित्रकाराच्या पाठीवर हात ठेवतात. "लिख पुत्तर. मी माझं नाव सोडलं, ते माझं होतं म्हणून सोडलं. तुझं सोडायचा मला काय हक्क?"

मेणवलीला गेले होते तेव्हा वाड्याच्या भिंतींवर मी चित्रकाराचं नाव शोधत होते. दिसलं नाही. इथे, याच शहरात, नेक चंद नावाच्या रस्ते निरीक्षकानं जंगलात लपूनछपून फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या रचून एक दुनिया उभी केली. 1976 मध्ये सरकारनं रॉक गार्डन म्हणून ती लोकांना खुली केली. त्याचं नाव आज जगाला माहीत आहे, कारण ते वेळेवर सांगितलं गेलं. नाहीतर चंदीगडची एक गंमत एवढंच उरलं असतं. भिंतीवरचं चित्र दहा-बारा वर्षांचं असतं. ऊन, पाऊस, नवा मालक, नवा रंग, काहीही त्याला संपवू शकतं. तेवढ्या काळात माणसानं उभं राहून विचारावं, कुणाचं काम? आणि उत्तर तिथेच मिळावं. पैसे देणाऱ्यानं काम करून घेताना एवढी एक अट स्वतःच घातली पाहिजे.

कुठे लिहायचं यावर पाच मिनिटं जातात. चित्रकाराला खाली, करड्या पट्ट्याला लागून हवं. सरदारजी नको म्हणतात. तिथे माल भरायला टेम्पो लागतो, नाव झाकलं जाईल. त्याच वेळी खरंच एक टेम्पो येऊन भिंतीला लागतो आणि बीजींचा गुडघा दिसेनासा होतो. सरदारजी ड्रायव्हरला हात करतात, "अग्गे कर, अग्गे." टेम्पो चार फूट पुढे जातो. ते त्याच्या टपाची उंची डोळ्यांनी मोजतात आणि भिंतीवर एका ठिकाणी बोट टेकवायला हात उंच करतात. हात पोचत नाही. मुलगी परांचीवर चढते आणि तिथे खडूनं खूण करते.

चित्रकार आपलं नाव गुरुमुखीत लिहितो. ब्रश मुलीकडे देतो. ती आधी नको म्हणते, मग त्याच्या खाली देवनागरीत आपलं लिहिते, हात जरा थरथरतो. मग तो टपरीकडे बघून हाक मारतो. अम्मा येत नाही. मुलगी खाली उतरून तिला हाताला धरून आणते. "अम्मा, पूरा नाम बता." पूर्ण नाव तिला कुणी बऱ्याच दिवसांत विचारलेलं नसावं, ती आधी नवऱ्याचं सांगते, मग थांबते, मग आपलं सांगते. तो पुन्हा वर चढतो आणि तिसऱ्या ओळीत लिहितो: "हाथ", आणि पुढे तिचं नाव. खाली साल.

फोन माझ्या हातात अजून चालूच आहे. मी तो कोपऱ्याकडे धरते. मामा डोळे बारीक करतात. गुरुमुखी त्यांना वाचता येत नाही, खालच्या दोन ओळी ते मोठ्यानं वाचतात, अक्षर अक्षर लावून. अम्मा आपलं नाव कोल्हापूरच्या आवाजात ऐकते.

ती तीन नावं मी इथे उतरवत नाही. अम्मानं सांगितलंय, कागदावर नको, भिंतीवर आहे तेवढं पुरे. चंदीगडला आलात, कॅपिटॉल बघून झालं, रॉक गार्डन बघून झालं, तर अर्धा तास काढून इंडस्ट्रियल एरिया फेज 1 मध्ये या. सकाळी या, भिंतीला ऊन असतं. नावं उजव्या कोपऱ्यात आहेत, जमिनीपासून नऊ फुटांवर. अक्षरं बोटभर उंच आहेत, आणि टेम्पो उभा असला तरी वाचता येतात.